कापसावर वाळत घातलेलं चित्र

मी ओलं चित्र कापसाच्या ढिगावर वाळत घातलं.

आमच्या यवतमाळकडचं कोणी हे वाचत असेल तर त्याने इथंच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर सांगतो. चित्र गेरूचं होतं, डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या लालभडक गेरूचं. कापूस पांढरा होता, आणि तो माझा नव्हता. हा पराक्रम करणाऱ्या माणसाने सारी नोकरी एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर काढलेली होती. काट्यावर गाडी आली की "कापूस भिजवू नका रे, डाग पाडू नका रे" असं ओरडता ओरडता माझा आवाज जो बसला, तो निवृत्त झाल्यावरही उठला नाही.

ते टाळेबंदीचं साल होतं. त्याच्या आधीची वर्षं गुलाबी बोंडअळीने खाल्लेली. बोंड वरून टवटवीत, फोडलं की आत अळी आणि कुजका कापूस. हसऱ्या तोंडाच्या माणसाचाही संशय यावा असे ते दिवस. त्या साली मात्र पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, मनापासून फुटल्या. कपाशीचं शेत लांबून चुना शिंपडल्यासारखं दिसायचं. कापूस घरात आला, भावाची वाट पाहत बसला, आणि तेवढ्यात सगळंच बंद झालं. जिनिंगची फाटकं बंद, खरेदी केंद्रं बंद, रस्ते बंद. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात घराघरात कापूस राहत होता आणि त्याने सोडलेल्या जागेत माणसं.

माझं घर बाभुळगावात. दादा-वैनीचं शेत तिथून जवळच्याच एका खेड्यात. त्यांच्या खोल्या भरल्या, ओसरी भरली. सरकारी खरेदी केंद्र आमच्याच जिनिंगच्या आवारात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून वैनीने आपल्या सगळ्यात चांगल्या वेच्याचा कापूस ट्रॅक्टरने आणून माझ्या बैठकीत ओतला. सोफा गेला, टीव्ही गेला, देवाच्या फोटोचा खालचा निम्मा भाग गेला.

"चार दिवसाची गोष्ट हाय भाऊजी," वैनी म्हणाली. "केंद्र उघडलं का नेतोच. पण त्याच्यावर झोपू नका. घाम लागला का कापूस पिवळा पडते."

"वैनी, मले सांगता? मी काट्यावरचा माणूस."

"म्हूनच तं तुमच्याकडं ठेवून राह्यलो."

या वाक्याने मी तेव्हा फुगलो होतो. आता आठवलं की उशी तोंडावर घेतो.

वैनीचा कापूस ही साधी गोष्ट नव्हती. वेचणीला बायका लावल्या की ती त्यांच्यामागे सावलीसारखी फिरायची. किडकं, पिवळं, अर्धवट फुटलेलं बोंड आलं की त्याला आम्ही कवडी म्हणतो. वेचणाऱ्या बाईच्या ओट्यात, म्हणजे कमरेच्या झोळीत, कवडी सापडली तर तिची धडगत नसे. टाळेबंदीत गावातले लोक कंटाळले. दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला जे मिळेल त्या भावात देऊन मोकळे झाले. वैनीने दिला नाही. त्या व्यापाऱ्याने पारावर बसून तिची चेष्टा केली, म्हणे बाई कापसाचं लोणचं घालणार आहे. वैनीने तिथंच, चारचौघांत, सांगून टाकलं की माझा कापूस केंद्रावर जाईल आणि एक नंबरातच जाईल. दादा नेहमीप्रमाणे काही बोलला नाही. तेव्हापासून सारं गाव वाट पाहत होतं, आणि त्या गावाची अब्रू म्हणा, वैनीची म्हणा, माझ्या बैठकीत पडून होती.

आता चित्राकडे येतो.

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. टाळेबंदीत तिचं काम घरून आणि माझं काम तिला फोन करणं. भाजी काय केली, कढीपत्ता मिळतो का, तुमच्याकडं ढग आहेत का. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी तुमचं नाव एका क्लासमध्ये घातलंय. ऑनलाइन. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांची ठिपक्यांची चित्रकला. दुपारी असतो. दुपारी तुम्ही मला फोन करणार नाही."

"मले चित्र कुठं येते?"

"ठिपका तर येतो ना?"

क्लास ठरला.

घरात भिंतीला पाठ टेकवायला जागा एकच उरली होती, कापसाच्या ढिगाला लागून. तिथं पाटावर बसलो, फोन डब्याला टेकवला. पडद्यावर चौकोन उघडले. पुणे, ठाणे, नाशिक, कुठंकुठं. सगळ्यांच्या मागे पुस्तकं आणि कुंड्या. माझ्या मागे पांढराशुभ्र डोंगर.

ठाण्याच्या एक बाई म्हणाल्या, "काका, तुमचं बॅकग्राउंड फार सुंदर आहे. ढग कुठून घेतले?"

"बाभुळगावचेच आहेत," मी म्हणालो.

शिकवणाऱ्या बाई बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात राहून आलेल्या. आवाज असा, की दुपारची झोप आणि जाग यांच्या मधल्या वाटेवर कोणीतरी हळूच चालत असावं. त्या म्हणाल्या, तिथल्या वाळवंटातली ही चित्रं जमिनीची असतात आणि वरून पाहिलेली असतात. वाळूत माणूस मांडी घालून बसला आणि उठून गेला की जो खळगा उरतो, तो घोड्याच्या नालेसारखा दिसतो. चित्रात तो खळगा म्हणजेच माणूस. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणी किंवा मुक्काम. रेघ म्हणजे वाट. आणि भोवती ठिपके, ठिपके, ठिपके. काही ठिपके दाखवायला असतात, काही झाकायला. कारण सगळ्या गोष्टी सगळ्यांनी पाहायच्या नसतात.

माणूस उठून गेल्यावर जो खळगा उरतो तोच माणूस, हे वाक्य मला फार वेळ पुरलं. मी माझ्या पाटाकडे पाहिलं. पाट कोराच होता. काट्यावर इतकी वर्षं बसलो, तिथं तरी काही उरलं असेल का, असा विचार करत राहिलो. खुर्चीचा वेत खचला होता एवढं नक्की.

पहिल्या आठवड्याला मी उत्साहाने कांगारू काढला. आत सगळे ठिपके. फोनसमोर धरला.

बाईंनी चष्मा लावला. मग म्हणाल्या, "काका, शेळी छान आहे. बाभळीचा पाला खातेय ना?"

"कांगारू होय थो."

कोणीतरी फोनचा आवाज बंद करायला विसरलं होतं. हसू आलं ते पूर्ण ऐकू आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की तिकडच्या प्रत्येक चित्रामागे एक गोष्ट असते आणि त्या गोष्टीला मालक असतो. कुणाच्या घराण्याची, कुणाच्या पाणवठ्याची. न विचारता दुसऱ्याची गोष्ट काढायची नाही. आपण त्यांच्याकडून पाहायची रीत शिकायची, आणि काढायची आपली जमीन, आपल्या खुणांनी. "आणि कुणी विचारलं तर, हे मी त्यांच्याकडून शिकलो, असं सांगायचं. हे त्यांचं आहे असं सांगायचं नाही."

मी जरा खट्टू झालो. आमच्याकडं काढण्यासारखं काय आहे? काळी माती, बाभळी आणि जिनिंगचं पत्र्याचं छत.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "आणि घारीसारखे वर जा."

मी डोळे मिटले. पंखा फिरत होता. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत होते, नाकाशी येत होते, परत जात होते. मागे टेकू नये हे माहीत असून मी थोडासा टेकलो. कापूस असा घेतो माणसाला, की हाडं कुणाची तेच कळत नाही. आणि मी वर गेलो.

आधी माझंच छत दिसलं. त्यावर बायकोने वाळत घातलेले पापड, म्हणजे ठिपकेच. मग गल्ली, बंद दुकानं, ओस पडलेली बसथांब्याची जागा. मग बेंबळा नदी, उन्हात अंग चोरून पडलेली. दोन्ही बाजूंना काळ्या वावरांचे तुकडे, त्यांच्यामधून धुरे, म्हणजे बांध, धुऱ्यावर पळसाची झाडं. दूर, खूप दूर, पांढरकवड्याच्या हायवेवर थांबलेल्या ट्रकांची माळ. कुठं आवाज नाही. जमीन एवढी शांत मी जन्मात पाहिली नव्हती. आणि माणसं कुठं दिसत नव्हती, जिथंतिथं फक्त बसल्याच्या खुणा. पारावर, विहिरीशी, शाळेच्या ओट्यावर. सगळे आत्ताच उठून गेलेले.

मग अंगाला खाज सुटली. कापूस जुना झाला की त्यातलं काहीतरी चावतं, त्या साली सगळ्या जिल्ह्याला ती खाज होती. स्वप्नातसुद्धा मी उडता उडता कोपर खाजवत होतो.

त्यानंतर माझ्या दुपारी त्या घारीच्या झाल्या. बायको जेवायला हाक मारी आणि मी वरून उतरून जेवायला येई. ती म्हणायची, "अवो, उतरले का? का दार उघडून ठेवू?" मी रागावत नसे. तिच्याकडंही मी वरून पाहू लागलो होतो. वरून पाहिलं की भांग आणि अंबाडा दिसतो, तोंड दिसत नाही. संसारात हे फार सोयीचं.

अशाच एका दुपारी मला सीतादही दिसलं.

आमच्याकडं कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी बायका वावरात जाऊन पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. वावराच्या कोपऱ्यात पाच दगड मांडायचे, त्यांना कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य. पऱ्हाटीच्या झाडांना नव्या कापसाची वात गुंडाळायची. मग वैनी दहीभात हातात घेऊन वावरभर शिंपडायची. मी पुरुषमाणूस, माझं तिथं काम काही नाही, पण उरलेला दहीभात खायला दरवर्षी हजर असायचो. धुऱ्यावर बसून पाहिलेलं ते सगळं मला आता वरून दिसलं. काळ्या जमिनीवर पाच लाल वर्तुळं. त्यांच्याभोवती बसलेल्या बायका, म्हणजे अर्धचंद्र. आणि चहूकडं पांढरे थेंब, दह्याचे का कापसाचे ते ओळखू येऊ नयेत असे.

ठरलं. हेच काढायचं.

दुकानं बंद, कॅनव्हास मिळेना. जुन्या कपाटाची फळी काढली. काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी पानाच्या डबीतला चुना, लालसाठी बायकोने तुळशीच्या ओट्यासाठी आणलेला गेरू. बारीक ठिपक्याला आगकाडीचं उलटं टोक, मोठ्याला पऱ्हाटीची वाळकी काडी. वेळ कसा जायचा ते कळत नसे. ठिपका टेकवायचा, उचलायचा. टेकवायचा, उचलायचा. काट्यावर असताना गाड्या मोजत होतो, इथं काही मोजायचं नव्हतं. कधी कधी वाटायचं की मी ठिपके देत नाही, आधीच असलेल्या ठिपक्यांवरची धूळ तेवढी पुसतो आहे. गेरू मात्र मी सढळ हाताने लावला. दगडांची वर्तुळं चांगली फुगीर झाली पाहिजेत म्हणून थरावर थर.

शेवटच्या क्लासला, तो खास संध्याकाळी ठेवला होता, चित्र दाखवायचं होतं. बाईंनी बजावलं होतं की सपाट जागी वाळवा, धूळ लागू देऊ नका.

माझ्या घरात धूळ नसलेली सपाट जागा एकच होती. मी ढिगाचा माथा हाताने थोपटून सपाट केला, फळी वर ठेवली, पंखा मोठा केला आणि आतल्या खोलीत जाऊन डुलकी काढली. इतकी गाढ झोप मला त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा लागली नाही.

उठलो तर ढिगाचा माथा नव्हता. कापूस घसरला होता आणि फळी पालथी होऊन त्याच्यासोबत खालपर्यंत आली होती. येताना तिने प्रत्येक ठिकाणी मुका घेतलेला दिसत होता. पांढऱ्या उतारावर लाल ठिपके, लाल वर्तुळं, मधे मधे लांबट फराटे. मी दारात उभा राहिलो आणि, खोटं कायले सांगू, क्षणभर मला ते फार सुंदर वाटलं.

मग मागून बायको आली.

"अगं माय!" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "तुमच्या डोक्यात मेंदू हाय का सरकी?"

तेवढ्यात फोन वाजला. वैनी. आवाजात लग्नघराचा आनंद.

"भाऊजी, नंबर लागला! उद्या सकाळी केंद्रावर बोलावलं. आमी ट्रॉली घेऊन निंगालो. सारा गाव पाहून राह्यला. कापूस कसा हाय माहा?"

"आहे," मी म्हणालो. "जागेवरच आहे."

बायकोने माझ्याकडं असं पाहिलं की मी फोन तिच्यापासून लपवला. पण सांगायची हिंमत झाली नाही. आम्ही दोघं ढिगावर बसून लाल लागलेला एकेक पुंजका उपटू लागलो. वरवरचा काढला की खाली आणखी निघे. कापूस पाणी पितो हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. तो गेरू किती आवडीने पितो ते आता कळलं. माझ्या मनात आलं की डागाळलेला कापूस ढिगाच्या पोटात ढकलून द्यावा. पण कापसाची प्रत ठरवणारे आमचे ग्रेडर मला माहीत होते. ते वरचा कापूस पाहतच नाहीत. खांद्यापर्यंत हात आत घालतात आणि पोटातलाच ओढून काढतात.

ट्रॉली दाराशी आली. वैनी तोंडावरचा दुपट्टा सोडत आत आली, मागे दादा. तिने ढीग पाहिला. एक पुंजका उचलून दाराच्या उजेडात नेला.

"हे कायचं रगत हाय?"

"रगत नाही वैनी," मी म्हणालो. "ऑस्ट्रेलिया होय."

दादा त्या महिन्यात पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, "हं?"

मी सगळं सांगितलं. घार, बसल्याच्या खुणा, सपाट जागा. वैनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. पुंजका बोटांनी फोडून पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "त्या पारावरच्यायले मी काय तोंड दाखवू भाऊजी? थे म्हणतीन, बाईनं घरात ठेवला आन् सडवला."

पण तिने उत्तराची वाट पाहिली नाही. पदर खोचला, मांडी घातली आणि वेचायला लागली. शेतातला वेचा झाला होता, आता बैठकीतला. दादा बसला, बायको बसली, मी बसलो. चार माणसं ढिगाभोवती अर्धगोल करून. उन्हं खिडकीतून तिरपी आली होती. कापसाचे तंतू त्यात चमकत होते, ऐकू येत होता तो बोटांचा सळसळाट. लाल पुंजके एका जुन्या चादरीवर जमत गेले. मला राहवेना. मी वर पाहिलं, छताकडं, आणि तिथून आम्ही कसे दिसत असू ते मनात काढू लागलो.

"खाली पाहा," बायको म्हणाली.

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात कापसात होते. शेवटच्या क्लासची वेळ झाली होती. नाकाने बंद करायला गेलो आणि नाकानेच क्लासात शिरलो. चौकोन उघडले. पुणे, ठाणे, नाशिक.

"काका, नमस्कार! अरे वा, आज घरची सगळी मंडळी? आणि हे काय चाललंय?"

"वेचणी," मी म्हणालो.

"चित्र झालं का?"

वैनीने मान वर केली. "कोन्तं चित्र? ज्याच्यापायी हे झालं थे?" मी फळी ढिगामागून ओढून काढली. गेरूची वर्तुळं अर्धी पुसलेली, त्यांच्यावर कापूस चिकटून दाढी आल्यासारखा. बाई पडद्यावर पुढं झुकल्या. वैनीही झुकली.

"हे काय होय?"

"सीतादही. हे वावर. हे पाच दगड. आन् ह्या तुम्ही, बसलेल्या. वरून."

"मी अशी फुटक्या बांगडीसारखी दिसतो?"

"खळगा होय थो वैनी. तुम्ही उठून गेल्यावरचा."

"मी कायले उठून जाऊ? माह्या वावरातून?" तिने फळी स्वतःकडं ओढली. थोडा वेळ पाहत राहिली. तिचा राग कुठं गेला नव्हता, पण डोळे चित्रात शिरले होते. मग म्हणाली, "दही असं रांगोळीसारखं कोन टाकते? तुमी दरसाली तिथंच बसून खाता, आन् एवढं पाह्यलं नाही?" मी रंगासाठी कालवलेल्या चुन्याची वाटी शेजारीच होती. तिने चार बोटं बुडवली आणि वावरात शिंपडते तसा हात झटकला.

थेंब फळीभर गेले, दादाच्या टोपीवर गेले आणि फोनवर गेले. ठाणे, पुणे, नाशिक, सगळ्यांच्या तोंडावर पांढरे ठिपके उमटले. मग बाई हळूच म्हणाल्या, "हेच. हेच मी इतके दिवस शिकवत होते." ठाण्याच्या बाईंनी विचारलं, "काका, ते ढग खरे होते?"

"होय," मी म्हणालो. "आन् ह्या त्यांच्या मालकीण."

वैनीने बोटं पदराला पुसली आणि परत वेचायला लागली. "बंद करा ते आता. उजेड चालला."

सकाळी केंद्रावर ट्रॉल्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत होती. त्या फाटकातून मी जन्मभर आत गेलो, पण ट्रॉलीमागून कधी चालत गेलो नव्हतो. वैनी ट्रॉलीच्या चाकाशी उभी, दुपट्ट्यावर फक्त डोळे. गावातली दोन-चार माणसं मागच्या रांगेत होती आणि माना उंच करून पाहत होती. ग्रेडर आला. वरचा कापूस त्याने पाहिलाच नाही. खांद्यापर्यंत हात आत घातला.

पहिला पुंजका, दुधासारखा. दुसरा, दुधासारखा. तो मागे वळणार एवढ्यात काय मनात आलं कोण जाणे, त्याने तिसऱ्यांदा हात घातला आणि जो पुंजका बाहेर आला, त्याच्यावर एक गोल, सुबक, लाल ठिपका होता. इतका सुबक ठिपका मला फळीवरही जमला नव्हता.

"हे काय?" ग्रेडर म्हणाला. "अळी लागलती का?"

मागच्या रांगेतली माणसं पुढं सरकली. वैनीचे डोळे त्या पुंजक्यावर थिजले. आता आपणच पुढं झालं पाहिजे असं मला वाटलं. मी पुढं झालो आणि म्हणालो, "साहेब, त्याचं असं आहे, की ऑस्ट्रेलियात जे मूळचे लोक आहेत ते जमिनीकडं वरून पाहतात…"

ग्रेडरने पुंजका खाली केला आणि माझ्याकडं पाहायला लागला. आता त्याला कापसाची नाही, माझी प्रत लावायची होती. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात वैनीने कोपराने मला बाजूला सारलं, ग्रेडरजवळ गेली आणि त्याला काहीतरी सांगितलं. मागचा ट्रॅक्टर घरघरत होता, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी नुसता पाहत होतो. ग्रेडरचे खांदे हलू लागले. त्याने चष्मा काढून डोळे पुसले, तो पुंजका खिशात टाकला, चौथ्यांदा हात घालून शुभ्र कापूस काढला, उन्हात धरला आणि मोठ्याने म्हणाला, "एक नंबर. घ्या काट्यावर."

मागच्या रांगेतल्या कोणीतरी शिट्टी वाजवली. दादाने टोपी काढून परत घातली, त्याच्या हिशेबाने हे भाषणच. वैनी चाकाला हात टेकून उभी राहिली आणि तिने एक लांब श्वास सोडला. मला एवढं हलकं वाटलं की परत घार होऊन उडावं.

मी तिच्याजवळ गेलो. माझ्या आतला कलावंत अजून मेला नव्हता. म्हणालो, "गेरू अस्सल होता म्हून बरं वैनी, बाजारचा रंग असता तं सारा कापूस गेला असता. पण साहेबाले तुम्ही सांगतलं काय?"

वैनीने दुपट्टा तोंडावरून खाली ओढला.

"सांगतलं का साहेब, अळी नोहे, आमचे भाऊजी लागलते. अळीले तरी औषध निंगते."